नवा असेंबल केलेला कम्प्युटर चालू होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुटे भाग नागपूर-अमरावतीहून आणायचे किंवा कुरिअरनं मागवायचे आणि कम्प्युटर घरीच जोडायचा, हे आपल्या भागातल्या तालुक्या-खेड्यांत आता नवं राहिलेलं नाही. सेवा केंद्रवाले, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे, कॉलेजातली पोरं, सगळेच करतात. पहिल्यांदा बटन दाबल्यावर पडणारे प्रश्नही ठरलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत; बोली विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. नव्या जोडणीत भाग खरोखर मेलेला निघणं विरळा. बहुतेक वेळा पिन अर्धवट बसलेली असते, वायर भलत्या जागी गेलेली असते, नाहीतर घरची लाइन आणि अर्थिंग धड नसतं. शहरात संशय आलेला भाग खिशात घालून दुकान गाठता येतं. आपल्याकडे त्यापायी अख्खा दिवस मोडतो, वर एसटीचं भाडं. म्हणून फुकटात तपासता येईल ते आधी, भाग बदलणं शेवटी.

१. आत हात घालायच्या आधी काय सांभाळायचं?

भिंतीवरचं बटन बंद करा, एसएमपीएसचं (कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) मागचं बटन बंद करा आणि मग वायर उपटून काढा. त्यानंतर कॅबिनेटचं पॉवर बटन चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, पुढे नुसतं ‘बोर्ड’) हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलं तरी अंगावर स्थिर वीज साठते, आणि रॅम (मेमरीची पट्टी) खराब करायला ती पुरते.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीच खोलायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

२. भाऊ, बटन दाबलं तरी काहीच होऊन नाही राहिलं. ना पंखा, ना लाइट. पह्यले काय पाहू?

पह्यले सॉकेट. त्यात मोबाइलचा चार्जर लावून समाधान मानू नका. चार्जर अगदी कमी व्होल्टेजवरही चालतो. बल्ब किंवा टेबलफॅन लावून पाहा. यूपीएसमधून जोडलं असेल तर तो बाजूला ठेवून थेट सॉकेटमध्ये लावा. मग एसएमपीएसचं मागचं बटन: उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. हसू नका, या एका बटनासाठी मला रात्री दहाला फोन आलेले आहेत.

त्यानंतर २४ पिनांचा मोठा कनेक्टर. नव्या बोर्डात तो इतका घट्ट जातो की अर्ध्यावरच बसला असं वाटतं. खटका ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा, पण बोर्ड खालून वाकू देऊ नका.

हे सगळं ठीक असेल तर कॅबिनेटच्या बटनाची दोन पिनांची बारीक वायर पाहा. ती मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोनच पिनांवर हवी. बटनाच्या वायरीला उलट-सुलट नसतं. लाइटच्या वायरीला असतं. खात्री करायची तर ती वायर काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर एकमेकींना टेकवा. कम्प्युटर चालू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटनात आहे. अशा वेळी रीसेट बटनाची वायर पॉवरच्या पिनांवर लावा आणि काम चालवा. तरीही शांतता असेल तर प्रश्न ३.

३. एसएमपीएस उडाला का काय, हे घरीच कसं समजंल?

एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डावरून, डिस्कवरून, ग्राफिक्स कार्डावरून (पडद्यावर चित्र दाखवणारं वेगळं कार्ड) काढा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी वायर कागदाच्या टाचणीनं जोडा, मग लाइन द्या. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जागा होतो. आजकाल सगळ्याच वायरी काळ्या येतात. तसं असेल तर अंदाजानं टोचू नका. ती पिन १६ क्रमांकाची, आराखडा समोर ठेवूनच शोधा. काही महागड्या एसएमपीएसचा पंखा लोड आल्याशिवाय फिरतच नाही, हेही लक्षात ठेवा.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं मात्र नाही. मल्टिमीटर असेल तर मोजा. १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये आणि ३.३ व्होल्टची साधारण ३.१४ ते ३.४७ मध्ये हवी. कॅबिनेटसोबत फुकट आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस इथे पास होतो आणि ग्राफिक्स कार्ड लावलं की मान टाकतो. त्या स्टिकरवर माझा विश्वास नाही.

जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसला मागे ११५/२३० असं लाल सरकतं बटन असतं. ते २३० वरच हवं. ११५ वर ठेवून आपली लाइन दिली तर आवाज होतो, धूर येतो आणि पुढचा प्रश्नच उरत नाही.

४. पंखे फिरून राहिले, लाइटं लागून राहिले, पण डिस्प्लेच नाही. काहून?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. याच क्रमानं जा.

मॉनिटरची वायर कुठे लावली आहे? ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआय त्या कार्डात हवी, बोर्डाच्या मागच्या पोर्टात नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. रायझन ७००० मालिकेत बहुतेकांत कामापुरतं असतं, पण ७५००एफ मध्ये नाही. असा प्रोसेसर कार्डाशिवाय लावला तर कम्प्युटर आतून चालू होईल आणि पडदा कायम काळा राहील. दुकानदारानं स्वस्तात ‘एफ’ दिला आणि कार्ड ‘नंतर घेऊ’ ठरलं, असं बरेचदा घडतं. यात बिघाड काहीच नाही, खरेदी चुकली.

मॉनिटर म्हणून टीव्ही वापरत असाल तर रिमोटनं योग्य एचडीएमआय निवडा.

मग प्रोसेसरची वीज. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर असतो आणि नवखा माणूस तो हमखास विसरतो. तो न लावताही पंखे फिरतात, म्हणून शंका येत नाही. इथे एक धोका आहे: ग्राफिक्स कार्डाची वायरही आठ पिनांचीच असते. प्रोसेसरची ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२. दोन्हींच्या खाचा वेगळ्या आहेत. जोर लावावा लागत असेल तर वायर चुकीची आहे. सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या वायरी त्याला लावू नका. टोक तसंच दिसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि बोर्ड जळतो.

हे सगळं बरोबर असेल तर रॅम (प्रश्न ६). बोर्डावर छोटे लाइट असतील तर आधी प्रश्न ५ वाचा, वेळ वाचेल.

५. बोर्डावर एक बारका लाल लाइट लागूनच राहते. त्याचा अर्थ काय?

ती मोठी सोय आहे. बऱ्याच नव्या बोर्डांवर २४ पिनांच्या कनेक्टरजवळ चार बारीक लाइट असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज सुरू होणं). चालू होताना ते आळीपाळीनं लागून विझतात. जो लागून राहतो, तिथे गाडी अडली.

सीपीयूवर अडली तर आठ पिनांची वीज, बायॉस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम (प्रश्न ९), किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन. डीरॅमवर अडली तर प्रश्न ६ आणि ७. व्हीजीएवर अडली तर ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवा, त्याची वेगळी वीज लावा आणि मॉनिटर चालू आहे ना ते पाहा. बूटवर अडली तर घाबरू नका. कम्प्युटर ठीक आहे, त्याला फक्त विंडोज सापडत नाही, प्रश्न १५.

लाइट नसतील तर बोर्डावर चार पिनांचा छोटा बझर लावता येतो. बीपचे अर्थ बायॉसच्या कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा मॅन्युअलमधलाच तक्ता धरा.

६. रॅम तं बरोबरच बसवली हाय. आणखी काय पाहू?

‘बरोबरच बसवली’ असं सांगणाऱ्यांपैकी अर्ध्यांची रॅम एका टोकाला वर असते. अनेक बोर्डांत खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू बसली की नाही ते कळत नाही. काढा आणि दोन्ही टोकांना अंगठ्यानं सारखा दाब देऊन बसवा.

चार स्लॉटच्या बोर्डात दोन पट्ट्या असतील तर बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. तरीही चालू झालं नाही तर एकच पट्टी ठेवा, तीही दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी पट्टी त्याच जागी लावून पाहा. एकीनं चालतं आणि दुसरीनं नाही, तर दोषी सापडली. जुन्या कम्प्युटरची रॅम नव्याच्या जोडीला लावली असेल तर आधी ती काढा. जुन्या रॅमचे सोनेरी दात खोडरबरनं हलके पुसणं चालतं. नवीला गरज नसते.

डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्हींना २८८ पिनाच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर दाबू नका, खोक्यावरचं नाव वाचा.

७. डीडीआर-५ रॅम हाय. चालू केला की पाच मिनिटं नुसता काळा. बंद करू का?

नका करू. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. एएम-५ सॉकेटच्या रायझनमध्ये तर जास्तच. पडदा काळा, डीरॅमचा लाइट लागलेला, मध्येच एकदा आपोआप बंद होऊन चालू, असं सगळं दिसतं. घाबरून बटन दाबलं की काम पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं थांबा. चहा घेऊन या. त्यानंतरही काही नाही, तर प्रश्न ६ प्रमाणे एक पट्टी ठेवून परत तेवढंच थांबा. बायॉस रीसेट केल्यावर किंवा रॅम बदलल्यावर हा वेळ पुन्हा लागतो.

८. दोन सेकंद चालू, मग बंद, परत चालू. असं करूनच राहिला. शॉट तं नाही ना?

शॉर्ट असू शकतं. प्रोसेसरची आठ पिनांची वीज पुन्हा पाहून घ्या. मग कॅबिनेटच्या पत्र्यावरच्या पितळी खुंट्या मोजा. बोर्डाला जिथे भोक आहे, तिथेच खुंटी हवी. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये लावला आणि एखादी जास्तीची खुंटी खाली राहिली तर ती बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकते. एखादा स्क्रू घरंगळून बोर्डामागे गेला असेल तरी तेच.

याचा निकाल लावायला एकच पद्धत मी खरी मानतो: सगळं बाहेर काढा. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चकचकीत पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या बाजूनं करंट वाहू शकतो. फक्त प्रोसेसर, त्यावरचा पंखा, एक रॅम, २४ पिनांची आणि आठ पिनांची वीज. डिस्क नाही, समोरच्या यूएसबीच्या वायरी नाहीत, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डही नाही. दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं टेकवून चालू करा. चालला तर एकेक वस्तू वाढवत जा, प्रत्येक वेळी लाइन बंद करून. ज्या वस्तूला अडला, ती वस्तू किंवा तिची वायर दोषी. समोरच्या यूएसबीची वाकलेली पिन अख्खा कम्प्युटर अडवते, हे अशा वेळीच कळतं.

उघड्यावरही तसंच होत असेल तर प्रोसेसर काढून सॉकेट पाहा. इंटेलच्या सॉकेटमध्ये आणि रायझनच्या एएम-५ मध्ये पिना बोर्डावर असतात; रायझनच्या जुन्या एएम-४ मध्ये प्रोसेसरवर. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. पिनांच्या सरळ ओळीत एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे.

९. प्रोसेसर नवा, बोर्डही नवा, दुकानदार म्हणे दोघं जुळतात. तरी सीपीयूचा लाइट काहून?

जुळतात, पण बोर्डातला बायॉस जुना असेल तर त्याला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही. बी-४५० बोर्ड २०१८ मधले आणि रायझन ५००० मालिका २०२० च्या शेवटची. जुन्या स्टॉकमधला बोर्ड असेल तर अपडेट लागतोच. इंटेलच्या ६०० मालिकेच्या बोर्डांवर १३ व्या पिढीचा प्रोसेसर लावला तरी हीच अडचण येते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे किमान बायॉस लिहिलेला असतो.

काही बोर्डांवर बायॉस फ्लॅशबॅकचं बटन असतं. त्यात प्रोसेसर न ओळखताही अपडेट होतो: पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमधलं नाव द्यायचं, मागच्या खूण केलेल्या यूएसबीत लावायचा, बटन दाबायचं. स्वस्त बोर्डांत ही सोय बहुधा नसते. मग जुना प्रोसेसर असलेला कोणी ओळखीचा शोधा, किंवा दुकानदारालाच अपडेट करून द्यायला सांगा. जुळतात असं त्यानंच सांगितलं ना.

अपडेट चालू असताना लाइन गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो. हे काम यूपीएसवरच करा. आभाळ भरून आलेलं असताना तर मुळीच नको.

१०. दुकानात चालू करून दाखवला. एसटीनं घरी आणला तं डिस्प्ले नाही!

प्रवासात हलला. आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. जड ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून सुटतं, रॅम एका बाजूनं वर येते, प्रोसेसरवरचा मोठा पंखा सैल होतो. लाइन न देता आधी बाजूचं झाकण उघडा आणि आत काही सुटं खडखडतंय का ते पाहा. मग कार्ड, रॅम आणि वीजेचे कनेक्टर काढून परत बसवा. पुढच्या वेळी कार्ड काढून त्याच्या खोक्यात आणा आणि कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड खाली आणि पंखा वर येईल असं.

११. दिवसा चालते, संध्याकाळी चालूच होत नाही. काय भानगड हाय?

लाइनची भानगड. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला मोटरी लागल्या आणि गावाची डीपी (ट्रान्सफॉर्मर) त्याच लोडवर असली की घरातलं व्होल्टेज बसतं. तुमचं घर डीपीपासून लांब असेल तर आणखी खाली. संध्याकाळी सॉकेटमध्येच मल्टिमीटर लावून मोजा. २३० च्या जागी १७०-१८० दिसलं तर एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचा. ‘इनपुट’पुढे १००-२४० लिहिलं असेल तर तो तगून जाईल. २००-२४० लिहिलं असेल तर संध्याकाळी तो रुसणारच.

उपाय म्हणून चांगल्या कंपनीचा, विस्तृत इनपुटचा एसएमपीएस घेणं मला स्टॅबिलायझरपेक्षा शहाणपणाचं वाटतं. फ्रिजचा स्टॅबिलायझर कम्प्युटरला लावू नका. त्याचा रिले टकटक करत बदलतो तेवढ्यात कम्प्युटर रीस्टार्ट होतो.

उलट व्होल्टेज अचानक २८०-३०० दिसलं, बल्ब जास्तच उजळ झाले, तर घरातलं सगळं बंद करा आणि लाइनमनला कळवा. डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल सुटल्याची ती खूण असते.

१२. कॅबिनेटले हात लावला की झिणझिण्या येतेत. बोर्ड खराब हाय का?

बोर्ड नाही, अर्थिंग नाही म्हणून. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर लाइनच्या निम्मं, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्टेज येतं. टेस्टरही मंद पेटतो. करंट फार थोडा असतो, पण त्या अवस्थेत एचडीएमआय किंवा प्रिंटरची वायर लावली तर ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो. कधी कधी कम्प्युटर अडकतो, यूएसबी मध्येच तुटते. लोक त्यासाठी विंडोज परत टाकत बसतात.

सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ असं दोनदा मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. तिसऱ्या भोकात वायरच नाही, असंही पुष्कळ घरांत निघतं. अर्थिंग केलेलं असेल तरी आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईशी तिचा संपर्क सुटतो. पावसाळ्यात बरोबर असलेलं अर्थिंग म्हणून मे महिन्यात निकामी होतं. खड्ड्यात पाणी टाकत राहा. काम वायरमनकडूनच करून घ्या, आणि न्यूट्रललाच अर्थ समजून जोडणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

झिणझिण्या नाहीत, सरळ झटका बसत असेल तर लगेच मेन बंद. हा मामला वेगळा आहे. वायरिंग तपासल्याशिवाय काहीच लावू नका.

१३. यूपीएस हाय, तरी लाइन गेली की कम्प्युटर बंद. कधी तं यूपीएसवर चालूच होत नाही.

६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक्स कार्डाचा कम्प्युटर आणि मॉनिटर मिळून तेवढ्यावर गेले की तो हात वर करतो. नवा यूपीएस आधी सात-आठ तास चार्ज करा. आणि प्रिंटर त्यावर लावूच नका, विशेषतः लेसर.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागचं बटन ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाइन बदलायला जास्त वेळ लागतो, आणि एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६ मिलीसेकंदच तग धरतो. काही चांगले एसएमपीएस चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर कुरकुरतात. तिथे साइन वेव्हचाच लागतो.

१४. चालू होते, पण पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद. उन्हाळ्यामुळं असंल का?

फक्त उन्हाळ्यानं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे खरं, पण नीट बसवलेला पंखा तेही झेलतो. बायॉसमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान पाहत बसा. काही मिनिटांतच ९० च्या पुढे चढत असेल तर पंखा नीट बसलेला नाही. त्याच्या बुडाचं पारदर्शक प्लास्टिक काढलं का? इंटेलच्या साध्या पंख्याच्या चारही खुंट्या बोर्डाच्या मागून आरपार दिसतात का? वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच आहे का? दुसरीकडे असेल तर ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश येतो आणि गाडी तिथेच थांबते. काढून परत बसवताना थर्मल पेस्ट नवी लावा, वाटाण्याएवढी पुरे.

खोलीतल्या कूलरचा झोत कम्प्युटरवर घेऊ नका. ओलसर हवेसोबत पाण्याचे बारीक थेंबही येतात. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बोर्डावर चढतो. जिनिंगजवळ राहत असाल तर हंगामात कापसाची रुई जाळीवर साचते, ती महिन्यातून दोनदा ब्रशनं काढा.

१५. बायॉस उघडते, पण विंडोज नाही. ‘बूट डिव्हाइस’ नाही म्हणते.

नवी डिस्क कोरी असते, आधी विंडोज टाकावं लागेल. जुन्या कम्प्युटरची डिस्क उचलून लावली असेल तर ती बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीनं आखलेली असते आणि नवा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीनं बूट मागतो. बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) चालू करून काही वेळा भागतं. त्यापेक्षा डेटा दुसरीकडे काढून नव्यानं टाकलेलं बरं.

एम-डॉट-टू डिस्क (बोर्डावरच बसणारी चपटी पट्टी) बायॉसलाच दिसत नसेल तर ती साटा जातीची आहे की एनव्हीएमई, ते पाहा. काही स्लॉट एकच जात घेतात. काही बोर्डांत तो स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो, म्हणून जुनी हार्ड डिस्क गायब झाली तर तिची वायर दुसऱ्या पोर्टात लावा.

१६. बायॉसमध्ये डिस्क दिसते, विंडोज टाकताना दिसत नाही.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे हे घडतं. बायॉसमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. बोर्डाच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’नं द्या, किंवा व्हीएमडी बंद करा. बंद करायचं ते विंडोज टाकायच्या आधी. नंतर केलं तर विंडोज उठणार नाही.

१७. रोज तारीख मागे जाते आणि सरकारी साइट उघडत नाहीत.

बोर्डावरचा गोल सेल, सीआर-२०३२, उतरलेला आहे. नव्या बोर्डातही दुकानात पडून पडून उतरतो. तो तीन व्होल्टचा असतो आणि घड्याळवाल्याकडे मिळतो. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. महाडीबीटी असो की सातबारा, दोष साइटचा नसतो.

१८. रॅमचा स्पीड वाढवला, तवापासून काळा. आता?

एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग) झेपला नाही. लाइन काढा, तो गोल सेल दहा मिनिटं बाहेर ठेवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या सीमॉस क्लिअरच्या (बायॉसच्या सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना टेकवा. सेटिंग मूळपदावर येतात.

१९. आठ-दहा हजारात ‘नवा आय५’ मिळाला. त्यावर विंडोज ११ काहून टाकता येत नाही?

पिढी विचारली होती का? बाजारात एच-६१ या इंटेलच्या जुन्या प्रकारचे नवे कोरे बोर्ड मिळतात, पण त्यावरचा प्रोसेसर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, वापरून काढलेला असतो. विंडोज ११ ला इंटेलची साधारण ८ वी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टायपिंग शिकायला हा कम्प्युटर चालेल. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद हाताळणाऱ्या सेवा केंद्रात तो ठेवू नये असं माझं मत आहे.

प्रोसेसर खरंच नवा असेल आणि तरी विंडोज अडवत असेल तर बायॉसमध्ये टीपीएम चालू करा. इंटेलमध्ये ते पीटीटी नावानं सापडेल, एएमडीमध्ये एफटीपीएम.

२०. विंडोज टाकताना मधातच निळा स्क्रीन येते.

आधी पेनड्राइव्ह बदला. मग एक्सएमपी बंद करा. तरी येत असेल तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, एका वेळी एकच पट्टी लावून. एकही चूक दाखवली तर ती पट्टी परत करण्यालायक.

२१. सगळं करून पाह्यलं. आता भाग परत पाठवतो. काय काळजी घेऊ?

प्रश्न ८ मधली उघड्यावरची तपासणी केली नसेल तर आधी ती करा. नागपूरच्या दुकानात तीच पहिली होणार आहे.

बोर्ड परत देताना सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण परत लावलंच पाहिजे. त्याशिवाय पाठवलेल्या बोर्डाची पिन वाटेत वाकते, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. झाकण लावायच्या आधी पिनांचा आणि सीरियल क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढा. पक्कं बिल हवं. कच्च्या चिठ्ठीवर कंपनी दारात उभं करत नाही. एसएमपीएसचं किंवा ग्राफिक्स कार्डाचं सील तोडलेलं नको.

आणि जाताना एकटा बोर्ड घेऊन जाऊ नका. बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस चारही सोबत न्या, म्हणजे तुमच्याच वस्तूंवर तुमच्यासमोर तपासणी होते आणि ‘आमच्याकडे तं चालला’ ऐकून रिकाम्या हातानं शेवटची गाडी धरावी लागत नाही.